खुडे, राखे आणि बघे

मनुष्याने स्वतःसाठी निर्माण केलेल्या अनावश्यक प्रश्नांची सूची कोणी कधी केलीच, तर होस्टा नावाच्या झाडाला येणारे फुलांचे दांडे कापावेत की राहू द्यावेत, या प्रश्नाला तीत बरेच वरचे स्थान द्यावे लागेल. कारण ज्याच्या उत्तराने झाडाचे फारसे काही बिघडत नाही, पण ज्याच्या चर्चेने दोन शेजाऱ्यांचे, एका दांपत्याचे आणि प्रसंगी तीन पिढ्यांचे संबंध बिघडू शकतात, असा दुसरा प्रश्न शोधून सापडणे कठीण आहे.

होस्टा हे जपान, कोरिया आणि चीन येथील मूळचे, सावलीत सुखाने वाढणारे बहुवर्षायू झाड असून त्याची ख्याती फुलांसाठी नव्हे, तर पानांसाठी आहे. ही पाने हिरवी, निळसर, पोपटी, पांढऱ्या काठाची किंवा मधोमध दूध सांडल्यासारखी दिसणारी असतात, आणि आकाराने पाहावे तर 'ब्ल्यू माउस इअर्स' या वाणात उंदराच्या कानांची आठवण करून देणारी, तर 'एम्प्रेस वू' या वाणात पंगतीतला एक मनुष्य वरणभातापासून ताकापर्यंत निवांत जेवून उठेल एवढी असतात. हिवाळ्यात हा सर्व पर्णसंभार नाहीसा होतो, जमिनीखालचा गड्डा बर्फाखाली निजतो, आणि कडाक्याच्या थंडीतील ही काही आठवड्यांची झोप मिळाल्याखेरीज झाड पुढच्या वर्षी धड उगवत नाही. पुण्यातील नागरिक ज्या थंडीत कानटोपी घालून फिरायला निघतात ती थंडी होस्टाला दुपारच्या डुलकीलाही पुरत नसल्यामुळे, मराठी माणसाची आणि या झाडाची गाठ बहुधा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी पडते. विवेचनाच्या प्रामाणिकपणासाठी हेही नमूद करणे भाग आहे की, प्रस्तुत लेखकाचा उद्यानशास्त्रातील अधिकार बाटलीत वाढवलेल्या एका मनीप्लांटपुरता मर्यादित असून, ती बाटलीही सध्या रिकामी आहे.

विषयप्रवेशापूर्वी दोन संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. पानाला झाडाच्या बुडाशी जोडणारा जो भाग, तो 'देठ'. आणि त्याच बुडातून निघून पानांच्या वर उंच जाणारा, ज्याच्या टोकाकडे फुले लागतात असा जो स्वतंत्र सोट, तो 'दांडा', ज्याला वनस्पतिशास्त्रात 'पुष्पदंड' म्हणतात. हा भेद ज्याला कळला नाही तो दांडा समजून देठ कापतो, आणि पुढे कित्येक दिवस झाड त्याच्याकडे व घरातील माणसे झाडाकडे पाहत राहतात. दांडा वाणानुसार वीतभर ते पुरुषभर उंच होतो, त्यावर फिकट जांभळी किंवा पांढरी, नळीच्या आकाराची फुले खालून वर या क्रमाने उमलतात, आणि प्रत्येक फूल साधारण एकच दिवस टिकते. परिणामी कोणत्याही दिवशी दांड्याचा तळ कोमेजलेला, मध्य फुललेला आणि शेंडा कळ्यांनी भरलेला असतो. म्हणजे बालपण, तारुण्य आणि वार्धक्य एकाच काठीवर नांदत असते, आणि कापणाऱ्याने कोणत्याही क्षणी कात्री उचलली तरी तिघांपैकी कोणावर तरी अन्याय होतोच.

या झाडाच्या बाबतीत माणसांचे एकमत न होणे ही काही अलीकडची घटना नव्हे. अठराव्या शतकात स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी त्याला डे-लिलीच्या गोतात नेऊन बसवले. १८१२ मध्ये ट्राटिनिक यांनी ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे वैद्य व वनस्पतिज्ञ होस्ट यांच्या सन्मानार्थ त्याचे 'होस्टा' असे बारसे केले. आणि या बारशाच्या घुगऱ्या सरतात न सरतात तोच १८१७ मध्ये श्प्रेंगेल यांनी फुंक नावाच्या जर्मन औषधविक्रेत्याच्या सन्मानार्थ त्याला 'फुंकिया' असे दुसरे नाव देऊन टाकले. पुढे १९०५ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेने 'होस्टा'च्या बाजूने निकाल दिला, तरी जर्मन मंडळी आजही त्याला फुंकियाच म्हणतात, यावरून आत्याने एकदा ठेवलेले नाव आणि परिषदेने ठरवलेले नाव यांत कोणते टिकते हे ध्यानात यावे. सर्वांत समजूतदार जपानी लोक: त्यांनी या झाडाला 'गिबोशी' म्हटले, कारण दांड्याच्या टोकाची कळी त्यांना लाकडी पुलाच्या कठड्यावरील कांद्याच्या आकाराच्या कळसासारखी, म्हणजेच 'गिबोशी'सारखी, दिसली. ज्या अवयवावरून झाडाला त्याच्या माहेरी नाव मिळाले, तोच अवयव सासरी आल्यावर 'हे काय वर आलंय?' असे म्हणून छाटला जातो, हा अनुभव केवळ होस्टाचाच आहे असे मात्र म्हणता येत नाही.

नातेसंबंधांचा विचार केला तर हे प्रकरण अधिकच गुंतागुंतीचे होते. आधुनिक वर्गीकरणानुसार होस्टा शतावरीच्या कुळातला असून, त्या कुळाच्या ज्या शाखेत तो मोडतो त्याच शाखेत घायपात आणि निशिगंध हेही येतात. घायपाताचे झाड आयुष्यात एकदाच दांडा काढते, तोही माडीच्या उंचीचा, आणि त्यानंतर कृतार्थ होऊन मरते; निशिगंधाचे तर सारे वैभवच दांड्यात असल्यामुळे पुण्याच्या फुलबाजारात 'गुलछडी काडी' या नावाने तो दांडा रोख पैसे मोजून विकत घेतला जातो आणि लग्नमंडपात, सत्कारात व नेत्यांच्या स्वागतात मिरवतो. एक भाऊ दांड्यापायी प्राण देतो, दुसऱ्याचा दांडा व्यासपीठावर बसतो आणि तिसऱ्याचा कचऱ्याच्या पिशवीत जातो. एकाच घरातील भावंडांच्या नशिबात एवढे अंतर एरवी फक्त वाटणीपत्रात आढळते.

प्रस्तुत प्रश्नावर होस्टाधारकांचे तीन संप्रदाय पडतात. दांडा दिसताक्षणी कापावा असे मानणारे ते 'खुडे'. दांडा हा झाडाचा जन्मसिद्ध हक्क आहे असे मानणारे ते 'राखे'. आणि या दोघांचे ऐकून घेऊन आत चहा प्यायला जाणारे ते 'बघे'. अमेरिकन होस्टा सोसायटी ही संस्था १९६८ पासून अस्तित्वात असून नोंदणीकृत वाणांची संख्या काही हजारांच्या घरात गेली आहे, तथापि कोणताही वाण घेतला तरी त्याच्याभोवती हे तीनही संप्रदाय ठरावीक अंतरावर उभे असलेले दिसतात.

खुड्यांचा पूर्वपक्ष वरवर पाहता भक्कम आहे. होस्टा हे पानांचे झाड असल्याने त्याच्या डेरेदार घुमटातून वर आलेले दांडे, नुकत्याच चापूनचोपून बसवलेल्या केसांतून उभ्या राहिलेल्या बटांसारखे दिसतात. फुले गळाल्यावर मागे उरणाऱ्या काड्या तर खराट्याची आठवण करून देतात. शिवाय बी धरण्यात झाडाचे अन्न खर्च होते, ते दांडा कापल्याने मुळांकडे व पानांकडे वळते. यांपैकी शेवटचा मुद्दा नुकत्याच लावलेल्या किंवा गड्डा फोडून विभागलेल्या अशक्त रोपाच्या बाबतीत विचारात घेण्याजोगा आहे, परंतु दहा वर्षांच्या, अंगाने भरलेल्या झाडाला चार दांड्यांचा भार होतो असे मानणे म्हणजे लग्नघरात एक पाहुणा न आल्याने तूप वाचले असा हिशेब मांडण्यासारखे आहे. सुकलेली फुले खुडण्याच्या या क्रियेला इंग्रजीत 'डेडहेडिंग' असे नाव असून त्याचे संस्कृतात 'मृतमस्तकोच्छेद' असे भयंकर भाषांतर करता येईल. झेंडू किंवा गुलाब यांच्याबाबत तिचा उपयोग असा की झाड पुन्हा फुलते, मात्र होस्टा बहुधा वर्षातून एकदाच फुलणारा असल्यामुळे, त्याचे दांडे कापून दुसऱ्या बहराची वाट पाहणारा मनुष्य दिवाळी अंक दोनदा येईल म्हणून फाटकात उभ्या राहणाऱ्या वाचकासारखा ठरतो. खुड्यांचे चौथे कारण ते कधी उघडपणे सांगत नाहीत, आणि ते असे की, छाटणीची नवी कात्री घरात आलेली असते.

या संप्रदायाच्या अनुयायांवर ओढवणाऱ्या आपत्ती ठरावीक क्रमाने येतात. प्रथम, कात्री आत राहिली म्हणून हिरवा दांडा हातानेच ओढला जातो, तेव्हा दांड्याबरोबर गड्ड्याचा तुकडा आणि त्याला लागलेली चार उत्कृष्ट पाने हातात येतात. त्यानंतर कात्री आणली जाते, आणि सुकलेल्या काड्यांबरोबर वाणांची नावे लिहिलेल्या पट्ट्याही उपटल्या जातात. मग कोणते झाड 'पेट्रियट' आणि कोणते 'जून' याचा पत्ता लागेनासा होऊन, त्या वाफ्याची अवस्था वधू-वर सूचक मंडळात पत्रिका एकमेकींत मिसळल्यासारखी होते. तिसरी आपत्ती अधिक शास्त्रीय आहे. १९९६ मध्ये ओळखला गेलेला 'होस्टा व्हायरस एक्स' नावाचा विषाणू रोगट झाडाच्या रसातून पसरतो, आणि हा रस एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याचे सर्वांत खात्रीचे वाहन म्हणजे झाडांच्या भल्यासाठी फिरणारी कात्री होय. म्हणून प्रत्येक झाडानंतर पाते ब्लीचच्या पाण्यात बुडवावे असा सल्ला दिला जातो, आणि तो पाळणाऱ्याची झाडे वाचली तरी पॅंट वाचत नाही. याच विषाणूने पानांवर पाडलेले चट्टे पाहून काही जाणकारांनी सुरुवातीच्या काळात अशी आजारी झाडे नवे वाण म्हणून नावे देऊन विकली होती, हे लक्षात घेतले म्हणजे आजार आणि फॅशन यांतील सीमारेषा बागेतही किती पुसट आहे हे कळते.

राख्यांचा उत्तरपक्ष भूतदयेवर उभा आहे. होस्टाच्या नळीदार फुलांत भुंगे डोके खुपसून बसतात, गुंजन पक्षी, म्हणजे हवेत एका जागी थांबून मध पिणारा तो अंगठ्याएवढा पक्षी, त्यांच्यावर येतो, आणि चीनमधून आलेल्या 'होस्टा प्लँटॅजिनिया' या जातीची शुभ्र फुले तर ऑगस्टमध्ये दिवस कलताना उमलून अंगणभर सुगंध पसरवतात. अशा दांड्यावर कात्री चालवणे म्हणजे अत्तराची बाटली गटारात ओतून तिची काच चकाकते म्हणून आनंदित होणे होय. येथवर राखे निर्विवाद आहेत. त्यांची अडचण फुले संपल्यावर सुरू होते, कारण तत्त्वाने वागणाऱ्या माणसाला कुठे थांबावे हे तत्त्व सांगत नाही. दांड्यावर हिरव्या बोंडांची माळ धरते, तिच्या वजनाने दांडा वाटेवर आडवा होतो, पोस्टमन त्यात अडखळतो, आणि राखे त्याला आधाराला काठी लावतात. काठीला काठीचा आधार देण्याचा हा प्रयोग सहकारी संस्थांखेरीज अन्यत्र क्वचितच यशस्वी झालेला आहे. बोंडे पिकून फुटली की काळे, पातळ पंख असलेले बी सर्वत्र उडते, आणि पुढील वसंतात फरशीच्या फटींतून त्याची रोपे वर येतात. मात्र पानाचा पांढरा काठ बियांतून सहसा उतरत नसल्याने, दुरंगी आईची ही लेकरे बहुतांशी साधी हिरवी निघतात, आणि शंभर डॉलरच्या झाडाची वंशावळ एका पिढीत गवताच्या पंक्तीला येऊन बसते. 'आईवर गेलं नाही' असे राखे खेदाने म्हणतात. 'वडील कोण ते भुंग्याला विचारा' असे खुडे त्यावर उत्तर देतात.

तिसऱ्या संप्रदायाचे, म्हणजे बघ्यांचे, तत्त्वज्ञान कोठेही ग्रथित झालेले नाही, कारण ते लिहून काढण्याचे काम पुढच्या शनिवारवर ढकललेले असते. जूनमध्ये 'कळ्या तर येऊ देत', जुलैमध्ये 'फुलं आहेत तोवर कशाला', ऑगस्टमध्ये 'आता ऊन फार आहे' आणि सप्टेंबरमध्ये 'आता राहिलेत किती दिवस' ही त्यांची चार महावाक्ये होत. विद्वानांना लाज वाटावी अशी वस्तुस्थिती मात्र ही आहे की, सर्वांत कमी हानी याच संप्रदायाच्या हातून होते. कारण थंडी पडली की दांडा आपोआप वाळतो, त्याचा बुडाशी असलेला सांधा सैल होतो, आणि ज्या काडीवरून उन्हाळाभर वादंग माजले ती दोन बोटांच्या चिमटीने अलगद निघून येते.

या तिन्ही मतांचा एकाच अंगणात संगम कसा होतो हे पाहण्यासाठी न्यू जर्सीतील एक प्रातिनिधिक मराठी घर दृष्टान्त म्हणून घ्यावे: सून खुडी, मुलगा बघा, कुंपणापलीकडील अमेरिकन शेजारीण कडवी राखी, आणि सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई अद्याप अपक्ष. आल्या दिवशीच सासूबाईंची नजर होस्टाच्या रुंद पानांवर पडते.

'अगं, अळू चांगलं फोफावलंय की! वड्या करू या का उद्या?'

'आई, ते अळू नाही, होस्टा आहे. शोभेचं झाड आहे.'

'म्हणजे कशाचंच नाही.'

येथे शास्त्राच्या बाजूने एवढेच सांगितले पाहिजे की, सासूबाईंची दृष्टी सुनेच्या माहितीपेक्षा अधिक अचूक आहे. जपानमधील यामागाता भागात होस्टाचे कोवळे कोंब 'उरुई' या नावाने वसंतातील भाजी म्हणून आवडीने खाल्ले जातात, आणि ते केवळ शोभेचे आहे ही समजूत पाश्चात्त्य आहे. कुत्र्यामांजरांना मात्र ते बाधते, त्यामुळे वड्यांच्या बेताला घरातील कुत्र्याचा विरोध गृहीत धरावा लागतो. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना झाडाबुडी बशीत ठेवलेली बिअर दिसते. बिनशंखाच्या गोगलगायी होस्टाच्या पानांची चाळण करतात, आणि बिअरच्या वासाने येऊन त्या बशीत बुडून मरतात, हे मुलाने समजावून दिल्यावर त्या क्षणभर विचार करतात.

'रोज ठेवतोस?'

'हो आई, रोज.'

'आणि बाटलीत उरते ती?'

या प्रश्नानंतर मुलगा बघ्यांच्या परंपरेनुसार आत चहा प्यायला जातो.

दांड्यांच्या प्रश्नावर सासूबाई प्रथम खुड्यांच्या बाजूने उतरतात, आणि त्यामागे आयुष्यभराचा अनुभव असतो. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या नाहीत तर तुळस उंच आणि खराट्यासारखी होते, हे त्यांनी उद्यानशास्त्राच्या पुस्तकात न वाचता वृंदावनापाशी पाहिलेले असते. परंतु सून कात्री घेऊन निघताच त्या विचारतात, 'आज वार कोणता?' रविवारी आणि द्वादशीला तुळस तोडत नाहीत, संध्याकाळी तर कधीच नाही, आणि हा नियम होस्टाला लागू नाही असे 'निर्णयसिंधु' किंवा 'धर्मसिंधु' यांत कोठेही म्हटलेले नसल्यामुळे तो लागू आहे असे ठरते. अमेरिकेत बागकामाला वेळ रविवारीच मिळत असल्याने खुड्यांचे कार्य ठप्प होते, शेजारीण कुंपणावरून टाळ्या वाजवते, आणि एका परक्या झाडाला हिंदू धर्मशास्त्राचे तात्पुरते संरक्षण प्राप्त होते. शिवाय तुळशीची खुडलेली मंजिरी विठ्ठलाच्या चरणी जाते. होस्टाचा दांडा कोणाला वाहायचा, या सासूबाईंच्या प्रश्नाला खुड्यांपाशी कचऱ्याच्या हिरव्या पिशवीखेरीज उत्तर नसते.

मतमतांतरांचा निष्कर्ष मांडायचा तर तो एका वाक्यात बसतो: रोप नवे वा अशक्त असेल तर दांडा लवकर कापावा, सुगंधी असेल तर फुलू द्यावा, फुले सरली की बी धरण्यापूर्वी स्वच्छ पात्याने बुडाजवळ कापावा, आणि यांपैकी काहीच जमले नाही तरी झाड पुढच्या वसंतात काही न बोलता वर येते. एवढ्या साध्या निष्कर्षासाठी एवढे विवेचन का करावे लागले, या शंकेचे उत्तर असे की, अंगणात उभ्या असलेल्या माणसाला 'काही केले नाही तरी चालेल' हे वाक्य ऐकू येत नाही. ते ऐकू आले असते तर कात्रीचे कारखाने आणि विनोदी लेख हे दोन्ही उद्योग बंद पडले असते.

दृष्टान्तातील घराचा प्रश्न अखेरीस एका चौथ्या संप्रदायाने सोडवला, ज्याचा उल्लेख वर अनवधानाने राहून गेला आहे. त्या भागात पांढऱ्या शेपटीची हरणे मुबलक असून होस्टा हे त्यांचे अत्यंत आवडते खाद्य आहे, आणि वार, तिथी, विषाणू किंवा सोसायटी यांपैकी कशाचाही विचार न करता ती रात्री वाफ्यात उतरतात, मऊ पान तेवढे खातात आणि त्याचा कडक देठ मागे ठेवून जातात. सोमवारी सकाळी सर्व पक्ष अंगणात जमले तेव्हा, जेथे काल पंगत बसेल एवढी पाने होती, तेथे शे-दीडशे देठ उघडेबोडके उभे होते, आणि फुलांचे दांडे शेंडे खुडलेल्या अवस्थेत त्यांत मिसळून गेल्यामुळे देठ कोणता आणि दांडा कोणता हे लेखाच्या आरंभीची व्याख्या वाचूनही कोणाला सांगता आले नसते. सून कात्रीकडे पाहत राहिली, शेजारीण डोळे पुसत राहिली, मुलगा म्हणाला, 'पुढच्या वर्षी बघू.' सासूबाईंनी मात्र खाली वाकून एक देठ तोडला, तो नखाने दाबून पाहिला, आणि मग सुनेला विचारले:

'घरात दही आहे ना? एवढ्यांची देठी होईल.'